अम्मींनी पकडलेला चोर

माझ्या सासूबाईंना मुडदा चालतो, रक्त चालत नाही. मरणाराही त्यांना कंजूष, तोंडाळ आणि शक्यतो घरमालकच लागतो, म्हणजे त्याच्यासाठी कोणाला रडावं लागत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या पानातच गेला पाहिजे, चहा पिता पिता गेला तर फारच उत्तम. मग उरलेलं पुस्तकभर एखाद्या बाईने लोकांच्या घरी जाऊन, त्यांचा चिवडा खाऊन, नको तिथे नाक खुपसून खुनी शोधायचा. पोलिसाने शोधलेला खुनी अम्मींना मान्य नाही.

"तो पगार लेस," त्या म्हणतात. "शोधावच पडी त्याले. त्यामा काय नवाई?"

शहाद्यात आमचं गाद्यांचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. पुढे दुकान, मागे कापूस पिंजायचं मशीन, वर घर. घरात अहिराणी चालते, आणि भांडण मोठं झालं की हिंदी. माझे मिस्टर अनीस मशीन बघतात, मी खोळी शिवते आणि गिऱ्हाइकांशी डोकं लावते, कारण अनीसला भाव करताना लाज वाटते आणि मला वाटत नाही. अम्मी, म्हणजे नजमुन्निसा, गल्ल्यामागे बसून वाचतात. त्या मराठी शाळेत शिकल्या, तिथेच हे वेड लागलं.

वाचनालयातून त्या फक्त टोपणेबाईंची पुस्तकं आणतात. टोपणेबाई म्हणजे रिटायर झालेल्या संगीत शिक्षिका. पोरांना पेटी शिकवता शिकवता त्या खुनी पकडतात. त्यांचा चष्मा सारखा हरवतो, खुनी कधी हरवत नाही. शेवटच्या प्रकरणात त्या सगळ्या संशयितांना चहाला बोलावतात, कोथिंबीर वड्या वाटतात, आणि सगळ्यांच्या तोंडात घास असताना नाव सांगून टाकतात. खुनी रडायला लागतो. बाई त्याला पाणी देतात.

मला या पुस्तकांचा राग यायचा. दुकानात गिऱ्हाइक ताटकळत उभं, आणि सासूबाई कोणाच्या तरी दिवाणखान्यात अडकलेल्या! एकदा मी चिडून विचारलं, "अम्मी, काय सापडस तुम्हले त्यामा?"

त्यांनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "सापडस म्हनीसन तं वाचस. पहिला पानवर छत्री हरपनी ना, ती शेवटला पानलोंग सापडसच. कायबी वाया जात नही. आपला घरमा असं व्हस का? तुन्हा सासरा जेवी-खाई, हसी-बोली झोपना तो उठनाच नही. डॉक्टरलेबी नीट सांगता वनं नही."

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. अम्मी त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. मी शिवण हातात घेतली आणि त्या दिवशी गिऱ्हाइकं एकटीनेच सांभाळली.

एक गोष्ट मात्र मला निव्वळ नाटक वाटायची. अम्मी तेच पुस्तक पुन्हा आणायच्या. वाचनालयातले डोंगरसिंग भाऊ मला रस्त्यात भेटले की हसत सांगायचे, "वहिनी, ते आकाशकंदिलाचं पुस्तक मी आता कपाटात ठेवतच नाही. टेबलावरच ठेवतो, अम्मींसाठी." आणि घरी अम्मी शेवटच्या पानाला पोचल्या की पहिल्यांदाच वाचल्यासारख्या ओरडायच्या, "ओ माय! माळी नही वं, घरमालकनी बहीन!" मी म्हणायचे, झालं यांचं कौतुक सुरू. अनीस म्हणायचा, आवड आहे, असू दे. म्हणून असू दिलं.

तर यंदा दिवाळी झाल्यावर कालीबाई गादी घेऊन आली. कालीबाई तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यातली. घरी तिची बोली पावरी, बाजारात मात्र फर्डी अहिराणी. ऊसतोडीला गुजरातेत जायच्या आधी जुनी गादी पिंजून हवी होती, कारण तिकडे उसाच्या पाल्याच्या कोपीत रात्री थंडी फार वाजते. तिचा मुलगा दिनेश नवापूरला पोल्ट्रीत कामाला आहे, त्याचा फोन नंबर देऊन ती गेली.

जुनी गादी उसवली की आतून काय काय निघतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. केसांचे आकडे, कंगव्याचे दात, लग्नाच्या अक्षता, एकदा तर कवळी. आमच्याकडे आजेसासऱ्यांपासूनचा नेम आहे: गादीतून जे निघेल ते पत्र्याच्या डब्यात ठेवायचं आणि गादीबरोबर परत करायचं. कवळीसुद्धा परत गेली. त्या डब्याची किल्ली अम्मींच्या कमरेला असते, आणि त्यांनी ती आजवर कोणाच्या हातात दिलेली नाही.

कालीबाईची गादी तौहिदने उसवली. तौहिद आमच्याकडे मशीनवर काम करतो. नुकतंच लग्न झालंय, स्वभावाने इतका गरीब की मशीन बंद पडलं तरी स्वतःलाच दोष देतो. कापूस झटकताना त्याच्या हातात लहान मुलाचा चांदीचा वाळा आला. घुंगरू अजून वाजत होतं. त्याने तो ओरडत अम्मींकडे नेला, अम्मींनी सगळ्यांदेखत डब्यात ठेवला आणि कुलूप लावलं. मी दिनेशला फोन केला. पलीकडून तो म्हणाला, "ताई, तो मन्हा शे. माय आजबी त्यानं नाव काढस."

पुढच्या बाजाराच्या दिवशी कालीबाई धावतपळत आली. अम्मींनी ऐटीत डबा पुढे घेतला, किल्ली फिरवली, झाकण उघडलं. आत एक बटण होतं आणि दोन आकडे.

अनीसने मशीन बंद केलं. आणि त्या शांततेत तौहिद पुढे आला आणि त्याने कोणी न सांगता आपले खिसे उलटे करून दाखवले. बिडीचं बंडल, बायकोचा फोटो, रुमाल. मला इतकी शरम वाटली की मी त्याच्यावरच खेकसले, "ठेव ते खिशात! कोणी मागितलंय?"

कालीबाई खाली बसली. म्हणाली, "बाई, मी कोनावर नाव लेनार नही. एक डाव लिधं व्हतं. हाऊ वाळा हरपना तव्हय मी मन्ही जाऊवर आळ लिधा. तवपशी ती मन्हासंगे बोलत नही. काल तिले निरोप धाडा, ये, वाळा सापडना. आते तिले काय दाखाडू?"

अम्मींचा चेहरा उतरला होता. पण बघता बघता त्यांची मान ताठ झाली. ही मान मला ओळखीची होती; पुस्तकात मुडदा पडला की अशीच ताठ होते. "पुढला बाजारले ये, कालीबाई," त्या म्हणाल्या. "तवलोंग मी चोर पकडसू."

मग आमच्या घरात तपास सुरू झाला. अम्मींनी तौहिदची उलटतपासणी घेतली, त्याला भजी खायला घालून. अनीसला विचारलं की परवा तू दोनदा खाली का गेलास. मला विचारलं की तू इतकी चिडचिड का करतेस, काही लपवतेस का. शेजारच्या शिंपिणीकडे जाऊन तिचा चिवडा खाऊन आल्या. मला खरं तर हसू येत होतं. कितीतरी वर्षांनी त्या इतक्या खुशीत दिसत होत्या, जिने चढत होत्या, उतरत होत्या. पण तौहिद वर चहाला यायचा बंद झाला. मशीनमागे उभा राहून एकटाच प्यायचा. ते बघितलं की हसू जिरायचं.

एका दुपारी अम्मी डोळा लागून पडल्या होत्या आणि त्यांचं ते आकाशकंदिलाचं पुस्तक पालथं पडलं होतं. मी म्हटलं, बघू तरी एवढं काय आहे त्यात. चुलीवर डाळ ठेवून मी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं. मग बसून दुसरं. टोपणेबाई घरमालकाच्या मैताला जाऊन शेजारणीकडून भाजणीची कृती विचारून घेतात तिथे मी एकटीच मोठ्याने हसले. डाळ करपली. वास आला, पण मी उठले नाही, कारण माळ्यावर माझा संशय पक्का झाला होता आणि मला तो चुकीचा ठरलेला बघायचा होता. असं असतं होय हे! बाहेर तौहिद, वाळा, कालीबाई, सगळं तसंच होतं, आणि मला मात्र अगदी सुरक्षित वाटत होतं. कारण इथे कोणीतरी सगळं नीट लावून ठेवलेलं होतं आणि शेवटी ते मला सांगणार होतं.

शेवटी सांगितलंच. घरमालकाच्या घरातून हरवलेला हार चोरीला गेलाच नव्हता. घरमालकाच्या बहिणीने तो चोरांच्या भीतीने आकाशकंदिलाच्या खोक्यात ठेवला होता. टोपणेबाई म्हणतात, वस्तू लपवावी तर जिथे घरचा हात वर्षातून एकदाच जातो तिथे.

मी पुस्तक मिटलं. आमच्या घरात हात वर्षातून एकदाच कुठे जातो? आमच्याकडे आकाशकंदील नाही. मी स्टुलावर चढले आणि फळीवरून शेवयांचा डबा काढला. उन्हाळ्यात केलेल्या, वेलदोडे घालून ईदेसाठी जपलेल्या शेवया. हात आत घातला आणि घुंगरू वाजलं.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. मग मी स्टुलावरून उतरले आणि वाळा पदरात बांधून ठेवला. अम्मी उठल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अम्मी, शेवयांना डबा कोनी उघाडा व्हता का?"

"आते कोठे ईद शे?" त्या म्हणाल्या. "कोनी उघाडी?" त्यांचे डोळे स्वच्छ होते. त्या खोटं बोलत नव्हत्या.

आणि मग माझ्या डोक्यात सगळं एकापाठोपाठ जुळायला लागलं. तेच पुस्तक. त्याच पानावरचं तेच "ओ माय." भाजीत दोनदा पडलेलं मीठ. परवा मला नणंदेच्या नावाने मारलेली हाक. ते नाटक नव्हतं. अम्मींना खुनी खरंच दर वेळी नवा वाटत होता. मी इतकी तिखट डोळ्याची बाई, गिऱ्हाइकाच्या चालीवरून त्याची ऐपत ओळखणारी, आणि मला हे दिसलं नव्हतं. मला भीती वाटली. वाळ्याची नाही. अम्मींना हे कळलं तर काय होईल, याची. ज्या बाईने किल्ली कधी कोणाला दिली नाही, तिला मी काय सांगू, की किल्ली फिरवणाऱ्या हातावरच आता भरवसा नाही?

अनीसला सांगितलं तर तो नुसता भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "नको सांगू तिले."

"नाहीच सांगणार. उंदराने नेला म्हणू."

मशीनच्या मागे भिंतीत एक बीळ आहे. ठरलं असं, की बाजाराच्या दिवशी अनीस झाडता झाडता बिळातून वाळा काढणार. तौहिद सुटेल, कालीबाईला वाळा मिळेल, आणि अम्मींना कोणी काही म्हणणार नाही. उंदराला बदनामीचं काय!

बाजाराच्या दिवशी अम्मींनी सकाळपासून कोथिंबीर वड्या करायला घेतल्या. आमच्या घरात वड्या कधी होत नाहीत, पण भजीवर खुनी पकडला जात नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. दुपारी सगळे दुकानात जमले. कालीबाई, तौहिद, मी. सगळ्यांच्या हातात बशी. अम्मी खुर्चीवर, पदर नीट करून. त्या घसा खाकरणार एवढ्यात मागून अनीसचा आवाज आला, "अरे! हाई काय शे? बिळमा काहीतरी चमकस!"

माझा नवरा माणूस फार चांगला आहे, पण त्याच्याइतका वाईट नट साऱ्या खानदेशात सापडायचा नाही.

कालीबाईने वाळा बघून तोंडावर हात घेतला. तौहिदने मोठा श्वास सोडला. मी म्हटलं, "बघा, मेल्या उंदराचं काम!" आणि चहा ओतायला उठले.

"ठहर," अम्मी म्हणाल्या. "आन इकडे."

त्यांनी वाळा तळहातावर घेतला. बोट फिरवलं. मग बोटाकडे बघितलं. पिंजणघरात कपबशी घडीभर ठेवली तरी तिच्यावर कापसाची रुई बसते, हे आमच्या घरातल्या कोणालाही ठाऊक असतं. घाईत मी तेवढंच विसरले होते. वाळा लख्ख होता. त्यांनी तो नाकाशी नेला. घुंगराच्या फटीत काहीतरी अडकलं होतं, ते नखाने काढलं आणि उजेडात धरलं. शेवयाचा एक बारीक तुकडा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी किटली धरून उभी होते. कितीतरी वेळ त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि मला नजर काढता येईना. मग त्यांनी कमरेची किल्ली चाचपली.

"चोर सापडना," त्या म्हणाल्या. सगळ्यांच्या तोंडात वडी होती. "मी."

"अम्मी, असं काय..."

"गप. टोपणेबाई बोलतांना मझार कोनी बोलस का?" त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "किल्ली मन्हाजोडे. शेवयांना डबा मन्हा. वाळा मीच तठे ठेवा. माले आठवत नही. पन आठवत नही म्हनीसन करं नही, असं व्हत नही. तौहिद, बेटा, इतला दिन मी तुन्हाकडे तिरपं देखं. माले माफ कर."

पुस्तकात खुनी रडतो आणि बाई त्याला पाणी देतात. आमच्याकडे संशयित रडला आणि चोराने पाणी दिलं. तौहिद पाणी पीत होता आणि अम्मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी किटली खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले, लपवून वगैरे नाही.

कालीबाई मान खाली घालून बसली होती. ती एकदम म्हणाली, "मंग आठे चोर दोन शेतस."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"गादीमा वाळा कोनी घाला? मीच. उसतोडीले जातांना चोरना भ्यावमाई शिवी टाका आनि भुली गयू. तुम्हना फोन वना, गादीमा सापडना म्हनीसन, तव्हय माले आठवनं. जाऊले मी अजून सांगेल नही. जीभच उचलत नव्हती." तिने वाळा हातात घेतला आणि अम्मींकडे बघितलं. "तुम्ही सगळास्मा सांगं. आते मी बी सांगसू."

अम्मी आणि ती एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मग, काय झालं कोण जाणे, अम्मींना हसू फुटलं. कालीबाईलाही. दोघी इतक्या हसल्या की कालीबाईच्या बशीतली वडी खाली पडली. जाताना नवी पिंजलेली गादी डोक्यावर घेऊन ती दुकानाच्या पायरीवर वळली आणि म्हणाली, वाळा परत गादीत शिवणार नाही, जाऊच्याच हातात देईन ठेवायला.

सगळे गेल्यावर दुकानात आम्ही दोघीच उरलो. ऊन कलतं झालं होतं. अम्मींनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्यासमोर ठेवली.

"उंदीर तू ना?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"आनि अनीस?"

"तो बी."

"त्याले तं कायबी जमत नही." त्या जराशा हसल्या. मग पुस्तक घेतलं, उलटंसुलटं केलं. "हाई मी कितला डाव वाचं वं?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारच होती. "लई डाव," मी म्हटलं.

बाहेर बाजार उठत होता, कोणीतरी राहिलेल्या पालेभाजीसाठी ओरडत होतं. मी त्यांचा हात धरला. मी हात धरणाऱ्यांतली नाही, त्यांनाही ते माहीत आहे, म्हणून त्यांनी तो सोडवला नाही.

"एक सांगस, ध्यान दे," त्या म्हणाल्या. "एखादा दिन मी तुले इचारसू, बाई, तू कोन शे? इचारसूच. त्या दिन माले उंदीर दाखाडू नको. सरळ नाव सांगजो. माले शेवटलं पान कळाले पायजे."

"सांगसू," मी म्हटलं. "अतिका. तुम्हनी सून. चिडकी."

"चिडकी तं माले नाव सांगाना आधीच समजी."

मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि चष्मा काढून डोळे मिटले. "आते तू वाच. मोठा आवाजमा. आनि खुनी आधीच सांगी टाकू नको."

मी पहिलं पान उघडलं. घरमालक अजून जिवंत होता आणि चहा मागत होता.